निरवानिरवीची परिभाषा : विलग सर्व्हर-कक्षांच्या समाप्तीविषयीच्या तांत्रिक लेखनाचे परीक्षण

१. विषय व मर्यादा

शास्त्राची परिभाषा बनविताना नावे सोयीची असावीत एवढेच पाहिले जाते. परंतु ते नाव वापरणाऱ्याच्या हातून कोणती कृती घडेल आणि कोणती राहून जाईल, हेही पुष्कळ अंशी त्या नावावरच अवलंबून असते. संगणकशास्त्राच्या ज्या एका अंगात हा परिणाम विशेष स्पष्ट दिसतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. एकाच सर्व्हरवर अनेक कामे परस्परांपासून अलग ठेवण्यासाठी जे विलग कक्ष उभारले जातात, ते बंद करणे, मोडणे आणि त्यांचे अवशेष आवरणे या क्रियांविषयी अधिकृत हस्तपुस्तिकांमध्ये जे लेखन आढळते, ते प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय. फ्री-बीएसडी या प्रणालीची जेलविषयक पृष्ठे, लिनक्सची हस्तपृष्ठे व गाभ्याचे दस्तऐवज, आणि डॉकर व कुबरनेटीज यांची अधिकृत टिपणे, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

या कक्षांचा इतिहास थोडक्यात असा. एखाद्या कार्यक्रमाला फाइलींच्या वृक्षाची एक फांदीच संपूर्ण वृक्ष म्हणून दाखविण्याची 'सीएच-रूट' ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आली. तिच्यातील उणिवा भरून काढणारा 'जेल' पॉल-हेनिंग कॅम्प यांनी रचला व मार्च २००० मधील फ्री-बीएसडी ४.० या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. त्याच वर्षी कॅम्प व रॉबर्ट वॉटसन यांनी त्यावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच सर्वशक्तिमान 'रूट'ला कोंडण्याची भाषा आहे. लिनक्समध्ये हेच कार्य निरनिराळ्या 'नामावकाशां'नी टप्प्याटप्प्याने साधले : आरोहणांचा (म्हणजे वृक्षाला जोडलेल्या फाइल-साठ्यांचा) नामावकाश २००२ मध्ये, प्रोसेस-क्रमांकांचा २००८ मध्ये, आणि २०१३ मध्ये डॉकर प्रसिद्ध झाल्यानंतर 'कंटेनर' हा शब्द सर्वतोमुखी झाला.

या लेखनाविषयी येथे मांडावयाचा मुद्दा एकच आहे. कक्षाची उभारणी सांगताना ही भाषा निःसंदिग्ध असते. कक्षाचा शेवट सांगताना मात्र ती मरणाच्या रूपकाकडे वळते, आणि हे रूपक शेवटाला एका क्षणात घडणारी घटना म्हणून दाखविते. वस्तुस्थितीत हा शेवट म्हणजे अनेक धरलेल्या गोष्टी एकामागून एक सोडून देण्याची मालिका असते. मराठीत यासाठी 'निरवानिरव' हा समर्पक शब्द आहे. मरण एकाचे असते; निरवानिरव पुष्कळांशी करावयाची असते. कक्ष बंद न होणे, बंद होऊनही नाव न सुटणे, नाव सुटूनही जागा मोकळी न होणे या ज्या अडचणी व्यवस्थापकापुढे वारंवार येतात, त्यांपैकी बऱ्याच अडचणी यंत्राच्या दोषातून येत नाहीत. घटना आणि मालिका यांच्यातील या गोंधळातून त्या उद्भवतात.

२. 'किल' आणि 'मारणे'

या परिभाषेतील सर्वांत जुने व सर्वांत फसवे क्रियापद 'किल' हे होय. इंग्रजीत त्याचा अर्थ 'ठार करणे' असा आहे. पण युनिक्सची ही आज्ञा कोणालाही ठार करीत नाही. ती केवळ एखाद्या प्रोसेसला सिग्नल, म्हणजे एक ठराविक खूण, पाठविते. त्या खुणांपैकी काहींचा परिणाम मृत्यू असतो, काहींचा नसतो. 'हँग-अप' हा सिग्नल पोहोचला की अनेक सेवा आपली नियमावली पुन्हा वाचून पूर्ववत् काम करू लागतात. आणि शून्य क्रमांकाचा सिग्नल तर काहीच करीत नाही, तो पाठविण्याचा उपयोग समोरची प्रोसेस अस्तित्वात आहे की नाही एवढे पाहण्यापुरता. ज्या 'किल'ने कोणी मरत नाही आणि एखादा जिवंत असल्याची खात्री करून घेता येते, तिला हे नाव यथार्थ म्हणता येणार नाही.

येथे मराठीची रचना उद्बोधक ठरते. 'मरणे' या धातूचे प्रयोजक रूप 'मारणे'. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात 'त्याने मला मारले' असे सांगणारा मनुष्य जिवंतच असतो. मरण अभिप्रेत असल्यास मराठी भाषक 'ठार मारले' किंवा 'मारून टाकले' असे म्हणून क्रियेची परिणती वेगळ्या शब्दाने दर्शवितो. शिवाय 'हाक मारणे', 'शिट्टी मारणे' या प्रयोगांत तर 'मारणे' म्हणजे दुसऱ्यापर्यंत काही पोहोचविणे एवढाच अर्थ उरतो. युनिक्सची 'किल' ही वस्तुतः हाक मारण्याची आज्ञा आहे. पंधराव्या क्रमांकाचा 'टर्म' सिग्नल म्हणजे 'आता आवरते घ्या' अशी हाक. ती ऐकून काय करावयाचे हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. नवव्या क्रमांकाचा सिग्नल तेवढा ठार मारणारा. तो प्रोसेसला ऐकू येत नाही, अडविता येत नाही आणि त्यानंतर तिला काहीही आवरता येत नाही.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे 'डॉकर स्टॉप' या आज्ञेचे स्वरूप उलगडते. ही आज्ञा प्रथम कक्षातील मुख्य प्रोसेसला हाक मारते, लिनक्सवरील कंटेनरांच्या बाबतीत सामान्यतः १० सेकंद थांबते, आणि तरीही ती चालू असल्यास तिला ठार मारते. फ्री-बीएसडीच्या जेलमध्येही मूळ अवधी १० सेकंदांचाच आहे. कुबरनेटीजमध्ये तो ३० सेकंदांचा आहे. 'स्टॉप' या एका शब्दाच्या पोटात अशा रीतीने विनंती, प्रतीक्षा आणि वध या तीन भिन्न क्रिया सामावलेल्या आहेत; आणि त्यांपैकी कोणती घडली हे तो शब्द सांगत नाही. ते कळते कक्षाच्या निर्गमांकावरून. सामान्यतः १४३ हा अंक आला तर पंधराव्या सिग्नलाने शेवट झाला, १३७ आला तर नवव्याने. कारण मूळ १२८ मध्ये सिग्नलाचा क्रमांक मिळवून हा अंक बनतो. ज्या कक्षात माहितीसंचय चालतो, त्याचा शेवट दर वेळी १३७ ने होत असेल, तर तो कक्ष 'थांबविला' जात नसून दर वेळी ठार मारला जात आहे, आणि पुढच्या प्रारंभी त्याला अपुऱ्या नोंदींची दुरुस्ती करावी लागत आहे, असा त्याचा अर्थ होतो. हस्तपुस्तिकेतील शब्द मात्र दोन्ही प्रसंगी एकच राहतो.

हाक ऐकूच न जाण्याचे एक कारण तर केवळ लेखनपद्धतीत दडलेले असते. कक्षाची मुख्य आज्ञा साध्या वाक्यासारखी लिहिली, तर डॉकर ती शेल नावाच्या मध्यस्थाच्या हाती देतो. आज्ञा सुट्या शब्दांच्या सूचीरूपाने लिहिली तर हा मध्यस्थ गळतो. मध्यस्थ उरला म्हणजे कक्षातील पहिली प्रोसेस तोच असतो, आणि आपल्याला आलेली हाक तो पुढे पोहोचवीलच असे नाही. त्यात भर अशी की नामावकाशातील पहिल्या प्रोसेसला लिनक्सचा गाभा विशेष संरक्षण देतो : ज्या सिग्नलाची दखल घेण्याची व्यवस्था तिने स्वतः केलेली नाही, तो तिच्यापुरता निष्फळ ठरतो. परिणामी प्रत्येक वेळी १० सेकंद व्यर्थ जातात आणि शेवटी वध होतो. व्यवस्थापक अवधी वाढवीत जातो. दोष अवधीत नसून हाक ज्याला मारली त्याच्या कानात आहे, हे 'स्टॉप' या शब्दावरून त्याला सुचत नाही.

३. 'झाँबी', 'प्रेत' आणि 'नामशेष'

प्रोसेस संपली म्हणजे तिची स्मृती, तिने उघडलेल्या फाइली इत्यादी सर्व गाभा परत घेतो. तथापि गाभ्याच्या नोंदवहीत तिची एक ओळ उरते. तिचा क्रमांक, ती कशी संपली याचा अंक आणि तिने वापरलेल्या साधनांचा हिशेब एवढा मजकूर त्या ओळीत असतो. तिच्या जनक प्रोसेसने 'वेट' ही आज्ञा देऊन हा मजकूर ताब्यात घेतला म्हणजे ती ओळ पुसली जाते. जनकाने तसे केले नाही तर ओळ तशीच राहते, आणि या अवस्थेतील प्रोसेसला 'झाँबी' म्हणतात.

हे नाव हैतीच्या लोकविश्वासातून इंग्रजीत आले. तेथील कल्पनेप्रमाणे झाँबी म्हणजे आत्मा हरपलेले, पण दुसऱ्याच्या इच्छेने हिंडणारे व राबणारे शरीर. युनिक्समधील स्थिती याच्या नेमकी उलट आहे : येथे शरीर पूर्णपणे गेलेले असते आणि केवळ नाव उरलेले असते. या विपरीत नावाचा परिणाम असा होतो की नवखा व्यवस्थापक झाँबीला चालते-फिरते संकट समजून तिला नवव्या सिग्नलाने मारावयास जातो. जी आधीच मेलेली आहे ती मरत नाही; तो पुन्हा पुन्हा आज्ञा देतो आणि यंत्र बिघडले असे मानतो. वास्तविक जे करावयाचे ते तिच्या जनकाच्या बाबतीत. त्याला हिशेब घ्यावयास लावणे, अथवा त्यालाच संपविणे, म्हणजे ती अनाथ होऊन प्रणालीच्या आद्य प्रोसेसकडे दत्तक जाते आणि तेथे तिचा हिशेब घेतला जातो. प्रोसेसांची यादी दाखविणारी 'पीएस' आज्ञा या अवस्थेपुढे 'डिफंक्ट' असा शब्द छापते, त्याची तऱ्हा आणखी न्यारी. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'कर्तव्यातून मोकळा झालेला' असा आहे. आणि जिच्यापुढे तो छापला जातो ती प्रोसेस नेमकी मोकळी व्हावयाचीच राहिलेली असते.

या अवस्थेला जवळचा शब्द आपल्या परंपरेत आहे, तो 'प्रेत' हा होय. प्र-पूर्वक 'इ' (जाणे) या धातूपासून झालेल्या या शब्दाचा अर्थ 'पुढे गेलेला'. धर्मशास्त्राच्या परिभाषेत मृत्यूपासून सपिंडीकरणापर्यंतची जी मधली अवस्था, तिच्यातील मृताला प्रेत म्हणतात. त्या विधीनंतर तो पितरांत गणला जातो. देह गेलेला आहे, पण अधिकारी आप्ताने करावयाचे कृत्य राहिले असल्याने सुटका नाही, हा झाँबी-अवस्थेचा सारा आशय या शब्दात आहे. फरक एवढाच की शास्त्रात हे कृत्य प्रायः पुत्राकडे येते, तर युनिक्समध्ये ते जनकाने अपत्यासाठी करावयाचे असते. परंतु मराठीच्या प्रचलित व्यवहारात 'प्रेत' याचा अर्थ संकुचित होऊन तो 'मृतदेह' असा झाला आहे. आणि झाँबी-प्रोसेसजवळ नाही ती गोष्ट नेमकी देह ही होय. म्हणून शास्त्रार्थाने योग्य असूनही हा शब्द आज परिभाषेत घेणे इष्ट नाही.

त्यापेक्षा 'नामशेष' हा शब्द अधिक सोयीचा. 'नाम हेच शेष आहे ज्याचे' असा त्याचा विग्रह. सामान्य वापरात तो 'समूळ नष्ट' या अर्थाने येतो हे खरे. पण विग्रह इतका पारदर्शक आहे की परिभाषेत तो शब्दशः घेण्यास अडचण पडू नये. 'नामशेष प्रोसेस' असे म्हटले की तिला मारण्याची कल्पनाच मनात येत नाही. तिचे नाव कोणाच्या वहीतून कोणी काढावयाचे, हाच प्रश्न पुढे उभा राहतो.

कंटेनरच्या बाबतीत हा प्रश्न तीव्र होतो तो यामुळे, की तेथे आद्य प्रोसेसच्या जागी बहुधा एखादा सामान्य कार्यक्रमच बसविलेला असतो. अनाथांना सांभाळण्याचे आणि त्यांचे हिशेब घेण्याचे काम आपल्याकडे आले आहे याची त्या कार्यक्रमाच्या कर्त्याला कल्पनाही नसते. नामशेषांच्या ओळी साचत जातात आणि प्रोसेस-क्रमांकांची मर्यादा भरली की कक्षात नवीन काहीच सुरू होत नाही. यावर उपाय म्हणून केवळ हेच काम करणारा एक लहान कार्यक्रम आद्यस्थानी बसविण्याची सोय डॉकरने २०१७ च्या प्रारंभी, १.१३ या आवृत्तीत केली.

४. 'डाइंग', 'डेड' आणि 'टर्मिनेटिंग'

शेवटाच्या निरनिराळ्या अवस्थांना दिलेली विशेषणे तुलनेने पाहिली असता गोंधळाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

फ्री-बीएसडीमध्ये काढून टाकलेला जेल कधीकधी 'डाइंग' अवस्थेत राहतो. 'जेएलएस' या आज्ञेच्या नेहमीच्या यादीत तो दिसत नाही. तो पाहावयाचा तर 'डी' हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. 'डाइंग' म्हणजे मरणोन्मुख, असा सरळ अर्थ घेतला तर त्यात अद्याप काही चालू असावे असे वाटते. वास्तविक त्यात एकही प्रोसेस उरलेली नसते. गाभ्यातील एखादी रचना, उदाहरणार्थ न मिटलेली टीसीपी जोडणी, त्या जेलचा हवाला धरून बसलेली असते, आणि तो हवाला सुटेपर्यंत जेलची नोंद पुसता येत नाही. लिनक्समधील साधन-नियंत्रक गटांच्या दस्तऐवजातही हाच शब्द आहे. तेथे तर व्याख्येतच सांगितले आहे की गट वापरणाऱ्याने काढून टाकल्यानंतर तो 'डाइंग' होतो, त्या अवस्थेत तो अनिश्चित काळ राहू शकतो, त्यात नवी प्रोसेस शिरू शकत नाही व तो पुन्हा जिवंत होत नाही. व्याख्या स्वच्छ आहे, आणि परीक्षिलेल्या सर्व लेखनात हा परिच्छेद उत्तम म्हणावा लागेल. पण व्याख्या स्वच्छ असल्यामुळेच शब्दाचा अपुरेपणा उघडा पडतो. काढून टाकल्यावर जे सुरू होते, त्याला मरणे म्हणता येत नाही.

डॉकरच्या यादीत 'एक्झिटेड' व 'डेड' अशा दोन वेगळ्या अवस्था आहेत. साधा वाचक दोन्हींना मृत समजेल. पहिलीतील कंटेनर थांबलेला असतो, पण पुन्हा सुरू करता येतो. दुसरी अवस्था जो मोडावयास घेतला आणि कोणी तरी त्याची साधने धरून ठेवल्यामुळे अर्धवटच मोडला गेला, अशा कंटेनरची असते. तो पुन्हा सुरू करता येत नाही, फक्त काढून टाकता येतो. म्हणजे येथे 'डेड' हा शब्द कंटेनरच्या मरणाविषयी काही न सांगता तो मोडणाऱ्याच्या अपयशाविषयी सांगतो. दुसऱ्याचे अपयश तिसऱ्याच्या विशेषणात दडविण्याचा हा प्रकार आहे.

कुबरनेटीजमध्ये 'टर्मिनेटिंग' हा शब्द दिसतो, परंतु तो अधिकृत अवस्थांपैकी नाही. काढून टाकण्याची मागणी नोंदली गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे काही अटी, ज्यांना तेथे 'फायनलायझर' म्हणतात, पूर्ण व्हावयाच्या असतील तर ती वस्तू कितीही काळ तशीच राहते. मराठीत 'जात आहे' व 'जावयाचा आहे' या दोन प्रयोगांत जो स्पष्ट फरक आहे, तो या इंग्रजी कृदंतात बुजतो. व्यवस्थापकाला वाटते की काही तरी चालू आहे म्हणून तो थांबतो. वस्तुतः काहीच चालू नसते, कोणाची तरी वाट पाहणे तेवढे असते. नंतर तो अधीर होऊन सक्तीचा, शून्य सेकंद अवधीचा, पर्याय वापरतो. तेव्हा नोंद तत्काळ पुसली जाते, पण प्रत्यक्ष प्रोसेस संपल्याची खात्री करून घेतली जात नाही. दूरच्या यंत्रावर ती चालू असू शकते. देह हिंडतो आहे आणि नोंदवहीत नाव नाही : हैतीच्या झाँबीची कल्पना खऱ्या अर्थाने लागू पडते ती येथे, आणि या अवस्थेला परिभाषेत स्वतंत्र नावच नाही. एकाच नावाचे दोन कक्ष एकाच साठ्यावर लिहू लागले तर माहिती कायमची बिघडू शकते. अधिकृत टिपणात याची ताकीद आहे. परंतु ताकीद वेगळ्या पृष्ठावर आणि शब्द डोळ्यांपुढे, अशा स्थितीत प्रायः शब्दाचाच प्रभाव पडतो.

या सर्व उदाहरणांतील समान अंश वेगळा काढला तर तो असा : जीव गेला आहे, पण कोणाचे तरी येणे फिटावयाचे आहे. 'नामशेष' या घडणीवरूनच या अवस्थेला 'ऋणशेष' म्हणावे. 'ऋणशेष जेल', 'ऋणशेष गट', 'ऋणशेष कंटेनर' असे म्हणताच पुढचा प्रश्न आपोआप उद्भवतो, की ऋण कोणाचे? अडचण निवारणाच्या शास्त्रात याहून उपयुक्त प्रश्न नाही.

५. 'बिझी' आणि मोकळ्या दिसणाऱ्या जागा

हे ऋण बहुधा आरोहणांचे असते. फाइल-साठा उतरविताना 'बिझी', म्हणजे व्यापृत आहे, असे उत्तर येते. या उत्तरात कर्ता नसतो. कोण व्यापृत आहे हे शोधण्यासाठी 'फ्यूजर' अथवा 'एलएसओएफ' यांचे साह्य घ्यावे लागते. आणि तेही आपल्या नामावकाशातील आरोहणे पाहून काही न सापडल्याचे सांगू शकतात. एका नामावकाशातील आरोहणाची प्रत दुसऱ्यात उतरलेली असते. ती शोधावयाची तर प्रत्येक प्रोसेसची आरोहण-यादी स्वतंत्रपणे पाहावी लागते. लिनक्सच्या ३.१८ पूर्वीच्या आवृत्त्यांत तर परक्या नामावकाशात आरोहणस्थान असलेली निर्देशिका आपल्या बाजूने काढतानाही हेच 'बिझी' उत्तर येत असे. पुढे नियम बदलला. उत्तराची कर्तृहीन वाक्यरचना मात्र बदललेली नाही.

यावर सुचविला जाणारा 'लेझी', म्हणजे आळशी, उतरविण्याचा पर्याय विशेष जपून वाचावयास हवा. त्याने आरोहण वृक्षातून ताबडतोब दिसेनासे होते. प्रत्यक्ष सुटका मात्र शेवटचा धारक सोडील तेव्हाच होते. आज्ञा यशस्वी झाल्याचे कळते आणि काम झालेले नसते. हा पर्याय ऋण फेडीत नाही, ऋणको नजरेआड करतो.

सर्वांत गंभीर प्रसंग 'रिमूव्ह' या शब्दाच्या दोन रूपांतून उत्पन्न होतो. फ्री-बीएसडीत लहान 'आर' पर्यायाने जेल काढला असता नियमावलीत लिहिलेले समाप्तीचे सर्व संस्कार होतात : आतील सेवा क्रमाने बंद केल्या जातात, अवधी दिला जातो, आरोहणे उलट क्रमाने उतरविली जातात. मोठ्या 'आर'ने काढला असता नियमावलीकडे न पाहता जेल केवळ नाहीसा केला जातो. प्रोसेसा मरतात, आरोहणे जागच्या जागी राहतात. यादीत जेल नाही म्हणून त्याची निर्देशिका मोकळी झाली असे समजून ती समूळ खोडणाऱ्या आज्ञेने पुसली, आणि आत यजमान यंत्राची एखादी निर्देशिका नल-एफएस प्रकाराने लेखनाधिकारासह आरोहित असली, तर ती आज्ञा त्या वाटेने आत शिरून यजमानाची मूळ माहितीच पुसून टाकते. आरोहणाची सीमा न ओलांडण्याचा पर्याय फ्री-बीएसडीच्या व जीएनयूच्याही खोडण्याच्या आज्ञेत आहे. पण जेल गेला म्हणजे सर्व गेले असे ज्याच्या मनावर भाषेने ठसविले आहे, तो हा पर्याय कशासाठी वापरील? उलटपक्षी, त्याच निर्देशिकेतील काही प्रणाली-फाइलींवर अचलतेची खूण असल्याने त्या पुसल्या जात नाहीत आणि 'परवानगी नाही' असे उत्तर येते. कोणी तरी त्या धरून आहे असे समजून व्यवस्थापक प्रोसेस शोधीत बसतो. येथे धारक कोणीच नसतो, ती खूण 'सीएच-फ्लॅग्स' या आज्ञेने आधी काढावयाची असते. एका प्रसंगी धारक असून दिसत नाही, दुसऱ्या प्रसंगी नसून असल्यासारखा भासतो.

६. एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की हस्तपृष्ठ हा संदर्भग्रंथ आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. त्यातील शब्द संकेतमात्र असून जाणकाराला त्यांच्या मूळ अर्थाशी कर्तव्य नसते. या आक्षेपात तथ्यांश आहे. परिभाषेचे शब्द वापराने झिजून रूपकत्व हरवितात, आणि अनुभवी मनुष्य 'किल' म्हणताना हत्येचा विचार करीत नाही. तथापि दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली, ही पृष्ठे जाणकार सवडीने वाचतो, तर नवखा अडचणीच्या क्षणी वाचतो. आणि अडचणीच्या क्षणी झिजलेले रूपक पुन्हा जागे होते. दुसरी, याच लेखनात रूपकाविना चालविण्याची पात्रता आहे. साधन-गटांच्या दस्तऐवजाने 'डाइंग'ची जशी व्याख्या केली, तशी व्याख्या प्रत्येक अवस्थेची करता येते. उणीव आहे ती कर्ता सांगण्याच्या शिस्तीची.

७. मराठी परिभाषेपुरता निष्कर्ष

राज्यव्यवहारकोशापासून १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत मराठीत परिभाषा घडविण्याची परंपरा मोठी आहे. तिच्यातील नेहमीचा धोका हा, की शब्दाला शब्द ठेवला जातो आणि मूळ नावातील चूकही भक्तिभावाने भाषांतरित होते. 'किल'ला 'हत्या', 'डाइंग'ला 'मरणासन्न' व 'लेझी'ला 'आळशी' म्हटल्याने मराठी वाचकाला इंग्रजी वाचकाइतकेच भ्रमित करता येईल. त्याहून अधिक लाभ होणार नाही. 'जेल', 'कंटेनर', 'सिग्नल' ही वस्तुनामे आहेत तशी घ्यावीत. रूढ झालेल्या नावाशी झगडण्यात अर्थ नाही. अवस्थांची नावे मात्र कार्य पाहून द्यावीत. त्या दृष्टीने 'हाक' व 'वध' हा सिग्नलांचा भेद, आणि 'नामशेष' व 'ऋणशेष' हा अवशेषांचा भेद, हे दोन भेद राखले तरी पुष्कळ काम होईल.

हे भेद मान्य केले तर कक्षाच्या निरवानिरवीचा क्रम भाषेतूनच निघतो. प्रथम हाक मारावी, आणि ती योग्य कानी पडते की नाही हे निर्गमांकावरून पाहावे. अवधी सवयीने न ठेवता कामाच्या मानाने ठेवावा. वध शेवटी करावा, आणि केल्यास त्याची नोंद ठेवावी. त्यानंतर नामशेष असतील तर त्यांचा जनक शोधावा. ऋणशेष असेल तर धारक शोधावा, मग तो जोडणी असो, आरोहण असो की अपूर्ण अट असो. आरोहणे जोडली त्याच्या उलट क्रमाने उतरवावीत, ती उतरली हे सर्व नामावकाशांत पाहून घ्यावे, अचलतेच्या खुणा काढाव्यात, आणि तेव्हाच निर्देशिकेला हात लावावा. नाव पुसण्याची आज्ञा सर्वांत शेवटी द्यावी. कारण नाव हा अवशेषांपर्यंत पोहोचण्याचा धागा असतो, आणि तो आधी तोडला तर उरलेले ऋण कोणाच्या नावावर मागावयाचे हेच कळेनासे होते.